मजलिसीची अमानत

1972 सालच्या जानेवारीतील 13 आणि 14 या दोन रात्री अरिथा फ्रँकलिन ही गायिका लॉस एंजेलिसमधील न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायली. शहराच्या दक्षिणेकडे वॉट्स ही तेव्हा कृष्णवर्णीयांची वस्ती होती. 1965 साली तिथे दंगल होऊन 34 माणसे मेली होती. त्याच भागातले हे चर्च. इमारत एके काळचे चित्रपटगृह. जिथे सिनेमे लागत तिथे आता प्रार्थना होत असे. त्या दोन रात्री तिथे जे घडले ते ऐकण्याचा हक्क कोणाला, आणि पाहण्याचा हक्क कोणाला, एवढाच प्रश्न मला या लेखात मांडायचा आहे. प्रश्न अमेरिकेतला आहे, गाणारी ख्रिस्ती आहे. तरीही त्याचा विचार करताना मला वारंवार आपल्याच एका जुन्या किताबाकडे जावे लागले.

संगीत हलाल की हराम हा वाद मी इथे उकरून काढणार नाही. तो आपल्या घराघरांत चालतो आणि दोन्ही बाजूंना माझ्यापेक्षा जाणती माणसे आहेत. ज्यांना गाणे मुळातच मान्य नाही त्यांनीही हा लेख वाचायला हरकत नसावी, कारण गोष्ट शेवटी गाण्यापाशी थांबत नाही.

आधी सोल संगीताविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गॉस्पेल नावाची भक्तिगीते म्हणतात. एकाने हाक द्यायची, साऱ्यांनी ओ द्यायची, टाळ्यांचा ठेका धरायचा, आवाज फुटेपर्यंत ईश्वराला आळवायचे. याच गाण्याचा बाज उचलून त्यात स्त्री-पुरुषांच्या प्रेमाचे, विरहाचे शब्द भरले की ढोबळमानाने सोल तयार होते. रे चार्ल्सने 1954 साली चर्चमधल्या एका गाण्याच्या वळणावर 'आय गॉट अ वुमन' रेकॉर्ड केले तेव्हा धार्मिक माणसे संतापली. सॅम कुक हा गॉस्पेलचा लाडका गायक 1957 साली उघडपणे दुनियेच्या गाण्याकडे वळला, तेव्हा त्याच्या श्रोत्यांना तो दगाच वाटला. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. फिल्मी गाण्याच्या चालीवर नात म्हणतात आणि कोणाला फारसे काही वाटत नाही. असो.

अरिथा 1942 साली मेंफिसला जन्मली आणि डेट्रॉइटला वाढली. वडील सी. एल. फ्रँकलिन हे तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. त्यांचे बयान इतके गाजत की त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघत आणि विकल्या जात. लेक वडिलांच्या चर्चमध्ये गायला लागली. चौदाव्या वर्षी तिचे गॉस्पेल ध्वनिमुद्रित झाले, अठराव्या वर्षी ती कोलंबिया कंपनीकडे दुनियेची गाणी गायला गेली. नाव झाले ते मात्र 1967 साली अटलांटिक कंपनीकडे आल्यावर. ओटिस रेडिंगने लिहिलेले आणि गायलेले 'रिस्पेक्ट' हे पुरुषाचे गाणे तिने बाईचे करून टाकले, आणि ते घरातल्या बाईचे तसेच रस्त्यावर उतरलेल्या काळ्या माणसांचेही गाणे झाले. 1972 साली ती एकोणतीस वर्षांची होती आणि सोलची सम्राज्ञी म्हणून जगभर ओळखली जात होती. कीर्तीच्या त्या शिखरावर असताना तिने ठरवले की आता भक्तिगीतांचा अल्बम करायचा, आणि तो स्टुडिओत नाही, चर्चमध्ये, लोकांच्या समोर.

हे तौबा करून परतणे नव्हते. दुसऱ्या रात्री तिचे वडील व्यासपीठावर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी हेच सांगितले, की माझ्या मुलीने चर्च कधी सोडलेच नव्हते. मला हे वाक्य बापाच्या मायेपेक्षा मोठे वाटते. एका धर्मगुरूने भरसभेत कबूल करायचे की बाजारात गाणारा आवाज आणि इबादतीत गाणारा आवाज एकच असू शकतो! आपल्याकडे किती वडिलांना हे जमले असते?

त्या रात्रींची मैफल रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड चालवत होते. ते स्वतः गॉस्पेलचे मोठे संगीतकार, पियानोवरही तेच. मागे साउदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर हा गायकवृंद. क्लीव्हलंड लोकांना आठवण करून देतात की ध्वनिमुद्रण चालू असले तरी ही प्रार्थनाच आहे. अरिथा मात्र दोन गाण्यांच्या मध्ये जवळजवळ बोलतच नाही. हसते कमी, हातवारे नाहीत. डोळे मिटून उभी राहते आणि गाते. 'अमेझिंग ग्रेस' हे जुने भजन ती गाऊ लागते तेव्हा एकेका शब्दावर इतकी रेंगाळते की पुढचा शब्द येतो की नाही असे वाटावे. या भजनाचे शब्द जॉन न्यूटन या इंग्रजाचे, 1779 साली छापले गेलेले. न्यूटन आधी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, पुढे पाद्री झाला. ज्यांच्या पूर्वजांना तशाच जहाजांतून साखळदंडांत आणले त्यांच्या लेकरांनी ते भजन आपले केले. क्लीव्हलंड यांना ते ऐकवत नाही. ते पियानो सोडतात, बाजूला जाऊन बसतात आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागतात. गायकवृंदातली माणसे गाण्याऐवजी उठून उभी राहतात, कोणी ओरडते. दुसऱ्या रात्री अरिथा पियानोवर बसून गात असताना वडील उठतात, रुमाल घेतात आणि गाणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. ती गाणे थांबवत नाही. समोर बसलेल्या एका बाईला भान राहत नाही, तिला बाकीच्यांना धरून ठेवावे लागते.

हे मला कसे ठाऊक? मी 1972 साली तिथे नव्हतो. मी हे पाहिले ते चित्रपटात, आणि माझा प्रश्न इथूनच सुरू होतो.

त्या दोन रात्री वॉर्नर कंपनीसाठी सिडनी पोलॅक हा दिग्दर्शक चित्रीकरण करीत होता. पुढे मोठा झालेला हा माणूस तोवर कथापट करीत आला होता. चित्र आणि ध्वनी वेगवेगळे टिपताना प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला पाटी आपटायची असते, म्हणजे नंतर ओठ आणि आवाज जुळवता येतात. ती पाटीच आपटली गेली नाही. सुमारे वीस तासांची फिल्म हातात आली आणि कोणता आवाज कोणत्या ओठांचा हे जुळेना. फिल्म कोठारात पडून राहिली. अल्बम मात्र जून 1972 मध्ये निघाला. त्याच्या अमेरिकेत वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि अरिथाच्या साऱ्या कारकिर्दीत तो सर्वांत जास्त विकला गेलेला अल्बम ठरला. 2007 साली ॲलन एलियट या निर्मात्याने फिल्मचे हक्क विकत घेतले आणि संगणकाच्या मदतीने ओठ आणि आवाज जुळवून घेतले. 2011 मध्ये चित्रपट आणायची तयारी झाली तेव्हा अरिथाने कोर्टात धाव घेतली. 2015 च्या सप्टेंबरात टेल्युराइड या गावच्या महोत्सवात तो दाखवला जाणार होता, त्याच दिवशी न्यायाधीशांनी मनाई केली. टोरांटो आणि शिकागोचे खेळही रद्द झाले. 16 ऑगस्ट 2018 रोजी अरिथा कर्करोगाने वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तिच्या कुटुंबाच्या संमतीने, चित्रपट न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला.

गंमत अशी की अरिथाने चित्रपट वाईट आहे असे म्हटले नव्हते. चित्रपट आपल्याला आवडतो असेच तिने एका वर्तमानपत्राला सांगितले होते. तिचा आग्रह स्वतःच्या प्रतिमेवर आपला हक्क असावा, इतकाच होता. लोकांनी पैशांचा वाद म्हणून ते प्रकरण बाजूला सारले. पैशांचा भाग असेलही, आणि असला तरी त्यात गैर काय? ज्या देशात काळ्या गायकांचे आयुष्य कंपन्यांनी कवडीमोल भावात लिहून घेतले, तिथे आपल्या घामाचा हिशेब मागणारी बाई मला तरी हावरट वाटत नाही. पण मला राहून राहून वाटते की या बाईने आवाज देऊन टाकला होता आणि चेहरा राखून ठेवला होता. अल्बम तिने स्वखुशीने दिला, लाखो घरांत गेला. तिने अडवले ते फक्त पाहणे.

ऐकणे आणि पाहणे यांत एवढा फरक आहे का?

इमाम गझालींच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समाअ आणि वज्द यांवर एक पूर्ण प्रकरण आहे. समाअ कोणाला जायज, कोणाला नाही, हे त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने, वकिलासारखे, दोन्ही बाजूंचे पुरावे मांडून लिहिले आहे. गाणे दिलात काही नवे घालत नाही, जे आधीच तिथे आहे ते हलवून वर आणते, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर ते समाअचे अदब सांगतात. पहिला अदब ते जुनैद बगदादींच्या आधाराने देतात: समाअला तीन गोष्टी लागतात, जमान, मकान आणि इख्वान. वेळ, जागा आणि सोबती. ही तीन जुळत नसतील तर ऐकू नये.

प्रत्यक्ष मैफल आणि तबकडी यांत काय फरक, असे मला कोणी विचारले तर मी या तीन शब्दांपलीकडे जाणार नाही. तबकडीत सूर सगळे येतात. वेळ, जागा आणि सोबती येत नाहीत. ते आपले आपण जमवावे लागतात. सोबत्यांबद्दल गझाली जे लिहितात ते तर आजचे वाटते. ते म्हणतात की मजलिसीत गाण्याचा मुनकिर असलेला रुक्ष जाहिद नको, ज्याची मर्जी राखत बसावे लागेल असा दुनियादार बडा माणूस नको, आणि वज्दचे सोंग आणणारा दिखाऊ माणूस नको. वॉट्सच्या त्या चर्चमध्ये दुसऱ्या रात्री रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर येऊन मागे बसला होता. त्याने काही त्रास दिला नाही, उलट मनापासून टाळ्या वाजवीत उभा राहिला. पण कॅमेरा त्याच्याकडे वळतो! सारे चर्च ईश्वराकडे तोंड करून उभे आहे आणि कॅमेरा बड्या माणसाची मर्जी राखतो आहे. गझालींनी हे दृश्य पाहिले असते तर त्यांना नवल वाटले नसते.

पण मी थबकलो तो तिसऱ्या अदबापाशी. ऐकणाऱ्याने दिल हाजिर ठेवून कान द्यावा, इकडेतिकडे पाहू नये, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे, त्यांच्यावर वज्दची जी हालत दिसते तिच्याकडे पाहणे टाळावे, असे ते बजावतात. नऊशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर. कॅमेरा जे एकमेव काम करतो तेच इथे मना केले आहे.

का मना केले असावे? मला वाटते दोन कारणे आहेत. पहिले पाहणाऱ्यासाठी: दुसऱ्याचे रडणे पाहू लागलात की तुमचे ऐकणे संपले. तुम्ही मजलिसीतून उठलात आणि तमाशात येऊन बसलात. दुसरे, जास्त महत्त्वाचे कारण रडणाऱ्यासाठी: आपल्याकडे कोणी पाहत आहे हे त्याला कळले की त्याचे रडणे खरे उरत नाही. ते थांबेल तरी किंवा वाढेल तरी. दोन्ही वाईट. रियाच्या, म्हणजे दिखाव्याच्या भीतीने गझालींनी पानेच्या पाने लिहिली आहेत. इथे ते एक पाऊल पुढे जातात आणि सांगतात की दुसऱ्याला दिखाव्यात न ढकलणे हीसुद्धा तुमची जबाबदारी आहे.

आपल्या मजहबात मजलिसीला अमानत म्हटले आहे. आपण ते बहुधा मसलतीपुरते समजतो: बैठकीतले बोलणे बाहेर सांगू नये. पण माणूस मजलिसीत नुसते बोलत नाही. तो हलतो, तुटतो, रडतो. तेही तिथे हजर असलेल्यांच्या हवाली केलेले असते.

आता घरातली गोष्ट. माझ्या एक खाला आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. मिरजेकडे राहतात. दर वर्षी रबीउल अव्वलमध्ये नात्यातल्या एका घरी बायकांचा मिलाद होतो. त्या वर्षी एका लहान मुलीने नात म्हटली. आवाज कोवळा, चाल साधी. खालांचा मोठा मुलगा आदल्या वर्षीच गेला होता. त्या नात ऐकता ऐकता रडू लागल्या, डोक्यावरची ओढणी ढळली, शेजारच्या बाईच्या मांडीवर त्यांनी डोके टेकले. घरातल्याच एका पोराने दाराच्या फटीतून ते मोबाइलवर टिपले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. दोन दिवसांत ती दीड मिनिटाची फिल्म जमातीच्या सगळ्या ग्रुपांवर फिरली, खाडीच्या देशांत नोकरीला असलेल्या नातलगांपर्यंत गेली. लोकांनी हात जोडल्याची, रडक्या चेहऱ्यांची चित्रे पाठवली. पोरगा खुशीत खालांना दाखवायला गेला. "खाला, किती लोकांनी पाहिलं बघा. सगळे रडतायत!" खालांनी मोबाइल हातात घेतला नाही. म्हणाल्या, "बेटा, मैं लोगां के वास्ते रोई थी क्या?"

त्यानंतर त्या मिलादला जातात, पण मागे बसतात आणि रडत नाहीत. हे मला त्यांच्या सुनेने सांगितले. एका म्हातारीचे रडणे हिरावले गेले. कायद्याच्या कोणत्या कलमात ते बसते? पोराला चोर म्हणावे तर त्याने काही घेतले नाही, खोटारडा म्हणावे तर फिल्म खरीच होती. पण अमानतीत खयानत झाली, हे मी कितीही सौम्य शब्दांत मांडू गेलो तरी तसेच उरते.

यावर मला एका मित्राने जे उत्तर दिले ते बिनतोड नाही, पण वजनदार आहे. तो म्हणाला, "तुझा गझाली बरोबर, तुझी खाला बरोबर. पण मग ती फिल्म कोठारातच सडायला हवी होती का? वॉट्समधल्या त्या गरीब बायकांचे चेहरे जगाने पाहिले नसते तर काय उरले असते? त्यांच्याबद्दल पोलिसांच्या नोंदी उरल्या असत्या, दंगलीची छायाचित्रे उरली असती. त्या माणसांना अल्लाहच्या नावाने उभे राहिलेले, हसणारे, नाचणारे पाहायला मिळाले ते त्या कॅमेऱ्यामुळेच." हे मी नाकारू शकत नाही. ज्या समाजाचे चेहरे बाहेरच्यांनी फक्त संकटाच्या वेळी टिपले, त्या समाजाला आपल्या इबादतीचे एक चित्र असावे असे वाटणारच. आपल्याला हे वेगळे सांगायला हवे का? टीव्हीवर आपण केव्हा दिसतो, कोणत्या बातमीत दिसतो, हे आठवून पाहा.

शिवाय त्या चर्चमधल्या माणसांना कॅमेरे दिसत होते. दिवे प्रखर होते, कॅमेरावाले माणसांच्या पायांत येत होते. दाराच्या फटीतून टिपणे आणि समोर उभे राहून टिपणे यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण दिव्यांची सवय होते आणि भान सुटले की कॅमेरा आहे हे विसरायला होते. ज्या बाईला चार जणींनी धरून ठेवले तिने त्या क्षणी कशाला संमती दिली होती? खटला अरिथा आणि निर्माता यांच्यातला होता. अरिथापाशी नाव होते, वकील होते, ती चित्रपट अडवू शकली. ती बाई अडवू शकली नसती.

वारसांच्या संमतीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि त्यावर माझे मत थोडक्यात सांगतो. अरिथाच्या हयातीत कोर्टाने मनाई केली ते रास्तच झाले. मरणानंतर मिळकत वारसांची होते, कर्ज वारसांना फेडावे लागते. पण मय्यतचा "नको" हा वारसांच्या मिळकतीत येतो का? कायदा येतो म्हणेल. माझे मन पुरते मानत नाही. कुटुंबाने चांगल्या बुद्धीने परवानगी दिली असेल. ज्यांनी तिला घरात पाहिले होते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. तरी परवानगी मिळणे आणि तिने ती देणे या दोन गोष्टी आहेत. चित्रपट पाहणाऱ्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे की आपण इथे बोलावलेले पाहुणे नाही. दार घरच्यांनी उघडले आहे, मालकिणीने नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण आपल्या वाचकांना ती कळावी असे मला वाटते. ज्या अटलांटिक कंपनीने रे चार्ल्सचे ते वादग्रस्त गाणे काढले आणि अरिथाचा हा अल्बमही काढला, ती 1947 साली एका भागीदाराबरोबर स्थापन करणारा अहमद एर्तेगुन हा अमेरिकेतील तुर्की राजदूताचा मुलगा. अरिथाच्या या अल्बमच्या निर्मात्यांमध्ये तिच्या आणि जेरी वेक्स्लरच्या जोडीला इस्तंबूलचा आरिफ मार्दिन होता. अहमदचे पणजोबा इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या उझबेकांच्या तकियाचे शेख होते. 2006 साली न्यूयॉर्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मैफलीच्या वेळी अहमद पडला, त्यातच पुढे वारला, आणि त्याला त्या तकियाच्या आवारात नेऊन पुरले. यातून कोणी "सोल संगीत मुसलमानांनी निर्माण केले" अशी बढाई काढू नये. आपल्याला अशी संधी सापडली की छाती फुगते. ते संगीत काळ्या अमेरिकनांचे, त्यांच्या चर्चचे, त्यांच्या हालांचे. एका सूफी घराण्याच्या पणतवाला ते ऐकताच ओळखीचे वाटले असेल, इतकेच. आणि हेही विसरू नये की त्याने ते विकले.

गझालींचा आणखी एक अदब आहे. मजलिसीत कोणी खऱ्या वज्दमध्ये उभा राहिला तर बाकीच्यांनीही त्याच्यासोबत उभे राहावे. त्याला एकटे पडू देऊ नये, त्याला लाजवू नये. वॉट्सच्या चर्चमध्ये नेमके हेच होताना दिसते. एक बाई उठते, मग दहा उठतात, मग सारी रांग. कोणाला गझाली ठाऊक असण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही, पण तो उभा राहिला तर आपण बसून राहायचे नाही, हे त्यांना न शिकवता कळले होते. प्रत्यक्ष मैफलीतल्या माणसापाशी ही सोय असते. तो उठू शकतो, रुमाल देऊ शकतो, कोणाला धरू शकतो. घरात खुर्चीवर बसून पडदा बघणाऱ्या माणसापाशी फक्त डोळे असतात. त्याला मनाई केलेली गोष्ट तेवढी तो करू शकतो. सांगितलेली एकही करू शकत नाही.

हा चित्रपट मी तीनदा पाहिला. घरात अल्बमही आहे, तो किती वेळा ऐकला याची गणती नाही. जेम्स क्लीव्हलंड पियानो सोडून बाजूला जातात आणि तोंड झाकून घेतात, ती जागा मला आता पाठ आहे. ती आली की मी पडद्यावरून नजर काढतो, खाली पाहतो आणि नुसते ऐकतो. दर वेळी जमतेच असे नाही.